चंद्री कॉलेजात जाते

शेंद्र्याच्या सरूबाईनं आयुष्यात एकच हट्ट धरला होता: नातीच्या, अपेक्षाच्या, हाताला शेण लागू द्यायचं नाही. जमीन कंपन्यांना गेली, मुलगा कंपनीच्या बसनं जाऊ-येऊ लागला, गोठ्यात चंद्री म्हैस तेवढी उरली. तिचं सगळं म्हातारी स्वतः करायची. पोरीनं सायन्स शिकावं आणि पंख्याखाली बसून नोकरी करावी, एवढंच तिचं मागणं.

पोरीनं सायन्स घेतलं, पण दुग्धशास्त्रासकट! सायन्सच्या जोडीला एखादं हाताचं काम शिकायचं, त्याला म्हणे बायफोकल म्हणतात.

"शेणातून सुटावी म्हणून कॉलेजात धाडली, अन् तिथं बी म्हशीच शिकती व्हय?" सरूबाई कडाडली.

"आज्जी, मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय."

"व्हय, पेशंट काय तुझ्यापाशी रिक्षानं येणार हायेत?"

खरं तर कॉलेजातली म्हैस फक्त पुस्तकात होती. गाईड पाठ केलं की मार्क पडतात, म्हणून पोरांची या विषयाला झुंबड. घोडं अडलं ते तपासणीपाशी. समिती येणार, आणि जनावर दिसलं नाही, पोरांनी धार काढून दाखवली नाही, तर विषय बंद. मग हा विषय शिकवणारे औताडे सर घाम पुसत सरूबाईच्या दारात हजर.

"मावशी, एक दिवस चंद्री द्या."

सरूबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुग्धशास्त्र बंद पडलं तर पोरीला त्याजागी कम्प्युटर हा विषय घ्यावाच लागेल. नाही म्हणावं, तर सर दुसरीकडून म्हैस आणतील. त्यापेक्षा चंद्रीच बरी. सरूबाईशिवाय ती कुणाला कासेला हात लावू देत नसे. घरच्या मुलालाही तिनं एकदा उकिरड्यावर भिरकावलं होतं.

"न्या की! लई गरीब हाय. निव्वळ गाय बगा."

तपासणीच्या दिवशी म्हातारी स्वतःच म्हैस घेऊन गेली आणि मजा बघायला पुढं उभी राहिली. समितीचे साहेब म्हणाले, "धार काढून दाखवा." पोरं एकमेकांमागं दडू लागली. एक धीट निघाला, तर चंद्रीच्या लाथेनं बादली थेट साहेबांच्या पायाशी. औताडे सरांचा चेहरा पडला. सरूबाई पदराआड हसली.

तेवढ्यात अपेक्षा पुढं आली. युनिफॉर्मवर तिनं एक विटकं हिरवं लुगडं गुंडाळलं होतं. गोठ्यात नेसायचं, सकाळीच दांडीवरून नाहीसं झालेलं सरूबाईचं लुगडं! चंद्रीनं ते हुंगलं, कान पाडले आणि पान्हा सोडला.

पोरीचा हात सराईत होता. गेल्या थंडीत सरूबाई तापानं पडली, तेव्हा शेजारच्या वच्छलाबाईनं धारा काढल्या, असं अपेक्षा सांगत होती. चंद्रीनं वच्छलाबाईला जवळ येऊ दिलंच कसं, हे कोडं आज सुटलं. म्हातारीला आधी राग आला, मग अभिमान असा दाटला की डोळेच भरून आले.

"वा! कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"आम्हीच, सर!" औताडे सर छाती काढून म्हणाले. विषय वाचला.

संध्याकाळी अपेक्षा ओशाळून लुगडं परत द्यायला आली. सरूबाईनं घेतलं नाही.

"ठिव तुझ्यापाशी. उद्यापासून सकाळची धार तुझी."

"अन् शेण, आज्जी?"

"ते तुझ्या सरांला काढाया सांग. त्यांनीच शिकवलंय ना!"