पोस्टकार्डाने तापवलेली खोली

आईला न्यूमोनियातून उठून महिना झाला होता आणि तिला संत्र्याच्या मळ्यात जायचं होतं. डॉक्टरांनी जा म्हटलं नाही, जाऊ नका असंही म्हटलं नाही. "छातीला गारठा लागू देऊ नका," एवढंच बोलले. सत्तरच्या दशकातली नाताळची सुट्टी होती. मी अकोल्यात मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. मळा माझ्या सहकारी नसीमबाईंच्या भावाचा, मालेगावच्या पुढे वाशीम रस्त्यापासून दीड मैल आत. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्याचाच एक तालुका होता.

नसीमबाई म्हणाल्या, "घाटावर हवा गार असते तिकडे, बाई. मळ्यातला कमरा पैले गरम करवून ठेवा. सुदामले कार्ड टाका, तो सगळं करते."

सुदामभाऊ मळा सांभाळत. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हल्ली थंड हवेच्या ठिकाणी भाड्याच्या बंगल्यात पोचण्याआधीच लोक मोबाईलवरून हीटर लावतात म्हणे. माझा हीटर टपालखात्यावर चालणार होता. मी पोस्टकार्डावर मुद्दे घालून लिहिलं: आम्ही शनिवारी पाचला पोचणाऱ्या बसने येतो. तीन वाजता शेगडी आणि घमेलं, दोन्हींत लाकडी कोळसा पेटवून खोलीत ठेवावा. दारं-खिडक्या घट्ट लावाव्यात. वरच्या झरोक्यात गोणपाटाचा बोळा घालावा. आम्ही येईपर्यंत विस्तव विझू देऊ नये, कोणीतरी जवळ बसून लक्ष ठेवावं. कार्डावर जागा उरली नाही, म्हणून "कळावे" लिहिलं नाही.

शनिवारी दुपारी अकोल्याहून निघालो. आता हा रस्ता चांगला आहे, गाडीने मालेगावला दीड-दोन तासांत पोचता. तेव्हा पातूरला बस थांबली की अर्धा तास हलत नसे. तिथे चहा घेतला, आईने शालीवर शाल घेतली. पुढे घाटात बसचं मागचं चाक बसलं. जादा चाकही पंक्चर निघालं. कंडक्टर ते दुसऱ्या बसवर टाकून पातूरला घेऊन गेला आणि आम्ही सागाच्या झाडांखाली बसलो.

शेजारची एक बाई कांद्याचं गाठोडं सोडत म्हणाली, "कंडक्टर गेला त आता जेवूनच येते बाप्पा."

तिचा नवरा म्हणाला, "येऊ दे. तुले कोणतं हापिस गाठायचं हाये?"

"मले नाई. हे मॅडम घडी घडी घड्याय पाहून राह्यल्या."

मी खरंच पाहत होते. विस्तव विझला तर आईला थंड खोलीत झोपवावं लागेल, ही काळजी होती. कार्डात "विझू देऊ नये" हे लिहिलं होतं, याचं समाधानही होतं. थोडा गर्व होता म्हटलं तरी चालेल.

मळ्याच्या फाट्यावर उतरलो तेव्हा साडेसात वाजत आले होते. सुदामभाऊ बैलगाडी घेऊन पाचपासून उभे होते. चाळिशीचे, डोक्याला मफलर, हातात कंदील. "जयभीम, मॅडम," म्हणाले, "तुमी येत नाई वाटलं, पण गाडी सोडून जाऊ कसा?"

"शेगडी?" मी पहिलं हेच विचारलं.

"पेटवली ना तीन वाजता. घरवाली बसली हाये तिथं. कार्डात जसं लेहलं तसंच केलं. दोनदा वाचून दाखवलं तिले."

गाडीत कडबा घालून वर सतरंजी टाकली होती. आई मजेत होती, तुरीच्या वासावरून शेत ओळखत होती. मळ्यात शिरल्यावर सुदामभाऊंनी हाक मारली. उत्तर आलं नाही. त्यांनी पुन्हा मारली. खोलीचं दार आतून लावलेलं नव्हतं, घट्ट ओढलेलं होतं. ते ढकललं आणि ऊब अंगावर आली. एक क्षण मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण वाटलं होतं.

कौसाबाई, सुदामभाऊंची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मान एका बाजूला गेली होती, लुगड्यावर उलटी झालेली. हातात वारा घालायचा पुठ्ठा तसाच होता.

मी काय ओरडले ते आठवत नाही. आम्ही दोघांनी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना ओढत अंगणात आणलं. मी परत जाऊन खिडक्या उघडल्या, बोळा काढला, शेगडी आणि घमेलं बाहेर नेऊन पाणी ओतलं. श्वास चालू होता. सुदामभाऊ त्यांचे तळहात चोळत एकच म्हणत होते, "कौसे, बोल ना. ए कौसे."

आई कधी गाडीतून उतरली ते मला दिसलं नाही. ती उघड्या जमिनीवर बसली होती, कौसाबाईंचं डोकं मांडीवर घेऊन, स्वतःच्या दोन्ही शाली त्यांच्यावर घालून. मी म्हटलं, "आई, तुझी छाती." आई म्हणाली, "गप बस. पाणी आण."

वीस मिनिटं गेली असतील. कौसाबाईंनी डोळे उघडले, पुन्हा एकदा उलटी केली आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "विस्तव विझला काय?"

शुद्ध नीट आल्यावर कळलं, डोकं दुपारपासूनच दुखत होतं. सुदामभाऊ चिडले. "डोकं दुखत होतं त बाहेर काहून नाई आली तू?"

"बाईनं लेहलं होतं ना जवय बसा म्हणून. दार उघडलं असतं त ऊब गेली असती. आजी बिमार हायेत म्हणत होते तुमी."

रात्री आईला मी दारं उघडी टाकून दोन गोधड्यांत झोपवलं. तिला खोकला झाला, त्यापलीकडे काही झालं नाही. सकाळी पहिल्या बसने कौसाबाईंना मालेगावला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी दोन दिवस विश्रांती सांगितली आणि मला विचारलं, "शेगडी कोणी ठेवायला सांगितली होती?" मी उत्तर दिलं.

पुढचे तीन दिवस मळ्यात राहिलो. जाणाऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत जावं. उकडलेल्या तुरीच्या शेंगा, ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची भाजी आणि झाडाखाली बसून सोललेलं संत्रं, एवढ्यावर दिवस निघतो. स्वेटरच्या जोडीला कानटोपी न्या, पहाटे लागते. शेकोटी तिथले लोक अंगणात करतात आणि तीच पद्धत बरोबर आहे. सुदामभाऊंच्या घरात चूल आतच होती, पण छप्पर कौलांचं. कौसाबाई म्हणाल्या, "आमच्या घरात कवेलूतून आभाय दिसते. तिथं कायले जीव कोंडते?" मालकांची खोली स्लॅबची होती. झरोका तेवढा एक होता आणि तो मी अकोल्यात बसून बुजवला होता.

सुदामभाऊ माझीच माफी मागत होते. शेगडी अंगणात पेटवून निखारे लाल झाल्यावर आत न्यायला हवी होती, आपलंच चुकलं, असं त्यांचं म्हणणं. मी दोन दिवस ते ऐकून घेतलं. निखारे लाल झाले तरी बंद खोलीत कोळशाचा वायू साचतोच, हे मला ठाऊक असूनही ऐकून घेतलं.

निघायच्या दिवशी कौसाबाई आमच्यासाठी संत्री पिशवीत भरत होत्या. मी त्यांना म्हटलं, "चूक तुमची नाही, सुदामभाऊंची नाही. माझी आहे. कोंडलेल्या खोलीत कोळशाचा विषारी वायू होतो, हे मी दरवर्षी नववीला शिकवते."

त्यांनी हातातलं संत्रं पिशवीत ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं.

"तुमाले ठाऊक होतं?"

"हो."

"मंग असं काहून लेहलं, बाई?"

आईने पिशवी उचलली आणि आम्ही गाडीत बसलो.

अकोल्याला पोचेपर्यंत त्याचं उत्तर मला सापडलं होतं, पण ते सांगण्याजोगं नव्हतं. कार्ड लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे आई होती, तिची छाती होती, ऊब होती. "कोणीतरी जवळ बसावं" असं मी लिहिलं, आणि त्या कोणीतरीला श्वास घ्यावा लागतो हे माझ्या मनात आलंच नाही. मला येणारं सगळं शास्त्र आईपाशी थांबलं होतं.

सुट्टीनंतर नववीला ज्वलनाचा धडा आला. मुली सवयीप्रमाणे वह्या उघडून, पेनं काढून तयार बसल्या, कारण ही व्याख्या मी नेहमी शब्दन् शब्द उतरवून देत असे. मी त्यांना वह्या मिटायला सांगितल्या. मग खुर्ची ओढून बसले आणि मी काय केलं होतं ते कौसाबाईंचं नाव घेऊन सांगितलं.