बरं होण्याआधीची साक्ष

आमच्या ख्रिस्ती मंडळीत रविवारच्या उपासनेला पेटी मी वाजवतो. मी मोठा वादक आहे असं नाही, दुसऱ्या कुणाला येत नाही एवढंच. त्यामुळे झालंय असं, की ज्याचा देवावरचा विश्वास कधी भरवशाचा नव्हता, तो माणूस दर रविवारी देवाच्या सगळ्यात जवळ, वेदीच्या पायरीला टेकून बसतो. पाळकसाहेबांनी एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं, "तुमचा विश्वास हाय का न्हाई, एकदा सांगून टाका." मी म्हटलं, "साहेब, सोमवारी येतो, शनिवारपर्यंत टिकतो." ते हसले नाहीत, पण पेटीही काढून घेतली नाही. घेतली असती तर वाजवली असती कुणी?

परळीत आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं थोडी. सगळं गाव वैद्यनाथाचं. माझं मोटार वायंडिंगचं दुकान मंदिराच्या वाटेवर आहे. शेजारचे किराणावाले अण्णा कपाळाला भस्म लावून गल्ल्यावर बसतात आणि गिऱ्हाईक नसलं की माझ्यावर हात साफ करतात. "तुमचा देव बिनमूर्तीचा, त्यात तू बिनविश्वासाचा. मंग तुमच्या देवळात उरतं काय बे?"

"पेटी," मी म्हणायचो.

असे विनोद करायला काही लागत नाही. घरात सगळं धड असलं की शंका हा चांगला टाइमपास आहे.

आक्का माझी थोरली बहीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती. आई लवकर गेली, तेव्हा मला तिनंच वाढवलं, लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर आमच्याकडे राहायला आली आणि आल्या दिवसापासून घराचा वॉर्ड केला. सकाळी चादरी ताठ. राखेच्या गावात चादरी ताठ आणि पांढऱ्या ठेवायच्या म्हणजे काय, ते थर्मलच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या, वाऱ्याखाली राहणाऱ्यालाच कळेल. मी अंथरुणावर बसून चहा पिलो तर म्हणायची, "पेशंट हायेस का? उठ."

आक्काच्या चोळीवर रक्ताचा डाग दिसला तो माझ्या बायकोला, कपडे धुताना. तिनं मला सांगितलं, मी आक्काला विचारलं. आक्का भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "गाठ हाय. मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"हाय बरेच दिवस."

"आन् नर्स म्हणायची सोताला! उद्याच लातूरला मोठ्या दवाखान्यात जाऊ."

"बघू," आक्का म्हणाली आणि मेथीच्या काड्या बाजूला टाकत राहिली.

तिला काही कळत नव्हतं असं नाही. तिनं अशा बायका पाहिल्या होत्या. त्यांचे गळलेले केस झाडून काढले होते, त्यांच्या उलट्या धरल्या होत्या, त्यांच्या नवऱ्यांना व्हरांड्यात नेऊन सांगितलं होतं. म्हणूनच ती भ्याली होती. आणि भ्यालेल्या माणसाला दुसरी वाट दाखवणारा त्याच महिन्यात आमच्या मंडळीत आला.

आमच्यात साक्ष द्यायची रीत आहे. अर्पण गोळा झालं की ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. पोरगी दहावी पास झाली, हरवलेली म्हैस सापडली, जावयाची दारू सुटली. ती परत लागली तर त्याची साक्ष कुणी देत नाही. साक्ष झाली की मंडळी उपकाराच्या गाण्याची एक ओळ म्हणते आणि तिचा सूर मी धरतो. इतकी वर्षं आधी घडायचं, मग साक्ष व्हायची. बाहेरून आलेल्या त्या प्रचारकानं हे उलटं केलं. तो म्हणाला, मिळाल्यावर आभार तर दुकानदारही मानतो, खरा विश्वासणारा मिळण्याआधी मानतो. जे हवंय ते झालंच म्हणून आज साक्ष द्या. आणि एकदा दिली की गिळायची नाही. नंतर डॉक्टरकडं पळाला तो देवाला भर मंडळीत खोटं पाडतो.

माणूस बोलायला लई गोड होता. पांढरा शर्ट, परीटघडीचा.

बायकांच्या बाजूला आक्का उठली. डोक्यावरून पदर सारखा केला आणि दवाखान्यात ड्यूटी सोपवताना बोलायची त्या आवाजात म्हणाली, "मला आजार होता. प्रभूनं मला बरं केलं."

मंडळी गायला लागली. मी सूर दिला. बोटांना सवय असते, ती मला विचारत नाहीत.

घरी आल्यावर आक्कानं बीपीच्या गोळ्यासुद्धा फेकल्या. लातूरचं नाव काढलं की म्हणायची, "मी बरी हाय." पुढे गाठ फुटली. जखम झाली. बायको रोज सकाळी दार लावून आक्काची पट्टी बदलायची. आक्का तिला शिकवायची, गॉज कशी धरायची, पाणी किती गरम. एकदा मी दाराबाहेरून ओरडलो, "बरी हायेस तर हिला पट्टी कशाला बदलू देतीस?"

आतून उत्तर आलं, "आतून बरं झालंय. वरची कातडी राह्यलीय."

ती माझी बहीण नसती आणि ती जखम तिची नसती, तर मी हे उत्तर अण्णांना सांगून हसवलं असतं.

आता बायकोचं सांगतो, कारण हे सगळं तिच्यावरूनच गेलं. तिचं माहेर शिरूर कासारकडचं. आईबाप ऊसतोडीला गेले की ती मिशनच्या वसतिगृहात राहायची. मला देव बापाकडून मिळाला, घरातल्या जुन्या घड्याळासारखा, चालतो का ते न बघता. तिला तो तिथं त्या वसतिगृहात, आईची आठवण येऊन रडताना भेटला. तिनं त्याच्याविषयी कधी शंका घेतल्याचं मला आठवत नाही. माझ्या शंकांना ती "तुमची पोटदुखी" म्हणायची. जखमेचा वास घरभर सुटला तरी ती म्हणत होती, "आक्कानं साक्ष दिलीय. होईल." रोज सकाळी पट्टी काढताना तिला खरंच वाटायचं, आज खाली नवी कातडी दिसेल. मग बाहेर येऊन हात धुवायची, लई वेळ.

प्रचारक परत आला तेव्हा मोठी उपकारस्तुतीची सभा ठरली. आक्काची साक्ष ऐकायला वडवणीहून जीप भरून माणसं येणार होती. बायकोनं सकाळी दुहेरी पट्टी बांधली, वर पावडर शिंपडली. आक्का नवीन पांढरं पातळ नेसली. बारीक झालेली, पण चालली अशी, की वॉर्डात राउंडला निघालीय.

आक्का उभी राहिली. "प्रभूनं मला पूर्ण बरं केलं," म्हणाली. शेवटचा शब्द म्हणताना तिनं समोरच्या बाकाची कड धरली, तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली. मला पेटीपाशी बसून ते दिसत होतं.

प्रचारकानं हात वर केला. मंडळी माझ्या सुराची वाट बघायला लागली. मी भाता भरला होता, पण बोटं पट्ट्यांवर ठेवली नाहीत. ठेवता येईनात. मागून कुणीतरी कुजबुजलं, "भाता फाटला काय?" पाळकसाहेबांनी डोळ्यांनी खुणावलं. प्रचारक हसत म्हणाला, "पेटीवाले भाऊ झोपले वाटतं."

इथं मी उठून बोलायला पाहिजे होतं. इतक्या वर्षांची जमवलेली शंका, ती वापरायची हीच तर वेळ. मी पेटीकडे बघत बसलो. उठली ती माझी बायको.

ती मोठ्यानं बोलत नाही कधी. तेव्हाही बोलली नाही. "पट्टी मीच बदलते," म्हणाली. "आज सकाळी बदलली. जखम तळहाताएवढी हाय. त्यांना दवाखान्यात न्या, मी पाया पडते."

मग प्रचारकानं डोळे मिटले आणि म्हणाला, "प्रभू, ज्या घरात शंका राहते तिथं तुझं काम अडतं." त्यानं ते इतकं हळू म्हटलं, की प्रत्येकाला ऐकू गेलं. बायका माझ्या बायकोपासून सरकून बसल्या. दोघीतिघींनी तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना सुरू केली, तिच्यातलं जे काही असेल ते निघावं म्हणून. ती मधे उभी, पदर ओढला गेलेला, आणि बघत होती आक्काकडे.

आक्का म्हणाली, "हिला भाईर न्या."

त्या दिवसापासून आक्का आमच्या घरी आली नाही. स्टेशनमागं एका ताईंच्या घरी प्रार्थनेचा गट बसायचा, ती तिथं राहायला गेली. बायको रोज सकाळी स्टीलच्या डब्यात उकळलेल्या पट्ट्या घेऊन जायची. ताई दारातच अडवायच्या. "तुमच्या हातानं न्हाई बाई. तुमच्या हाताला शंका लागलीय." एकदा मी सोबत गेलो तर म्हणाल्या, "पेटीवाले, तुमी तर फाटकालाबी हात लावू नका." आतून आक्काचा आवाज आला, "सांगा त्यांला, मी झोपलीय."

पाळकसाहेब दुकानात येऊन केळी देऊन गेले. "माझ्या हातात काय हाय?" म्हणाले. मी म्हटलं, "केळी." ते गेल्यावर अण्णा म्हणाले, "तुझी बहीण कशी हाय बे?" थट्टा नव्हती. पहिल्यांदाच नव्हती, म्हणून मला ते जास्त लागलं.

आणि मग एक दिवस त्या ताईच दुकानात आल्या. नाकाला पदर होता, माझ्या दुकानात तर वार्निशशिवाय कसलाच वास नाही. सवय लागली असावी.

"घेऊन जावा तुमची आक्का. सभेला मानसं येईनात."

"का?"

"वास येतो ओ. कितींदा सांगायचं त्यांला विश्वास धरा म्हणून. त्यांचाच कमी पडला."

आम्ही टेम्पो घेऊन गेलो. आक्काची खाट मागच्या पत्र्याखाली होती. चादरीवर थर्मलच्या राखेचा थर होता, तिच्या पापण्यांवरसुद्धा. बायकोनं आधी तिचं तोंड पुसलं. निघताना आक्कानं ताईंकडे बघून हात जोडले आणि ताईंनी आत जाऊन दार लावलं. मी प्रचारकाला फोन लावत होतो, घंटी वाजत राहिली. घेतला असता तर मी काय बोलणार होतो, तेही मला माहीत नाही.

लातूरला तरुण डॉक्टरनं पट्टी सोडली आणि कागद वाचून विचारलं, "तुम्ही नर्स होतात ना?"

"व्हते," आक्का म्हणाली. "म्हनूनच आले न्हाई."

उपचाराची वेळ गेलेली होती. दुखणं कमी करायचं औषध सुरू झालं. ते लागू पडलं की आक्का बोलायची. शेजारच्या खाटेवरच्या बाईला सलाइनची सुई कशी हलवायची नाही, ते समजावून सांगायची. एका दुपारी माझ्या बायकोला म्हणाली, "प्रार्थना कर गं जरा. तुझी बरी असती."

बायको गॉजच्या घड्या घालत होती. "न्हाई येत मला आता, आक्का."

"म्हंजे?"

"तोंड उघडते. कुनाशी बोलायचं तेच कळंना."

आक्का तिच्याकडे बघत राहिली. "माझ्यामुळं?"

नाही म्हणता आलं असतं. मी असतो तर म्हटलं असतं, मरणाऱ्या माणसाला नाही म्हणायला काय जातं? पण बायकोला खोटं बोलता येत असतं, तर त्या सभेच्या दिवशी ती उठलीच नसती. "व्हय," ती म्हणाली आणि पुढची घडी घातली.

आक्कानं मान वळवली. मग मला म्हणाली, "मंग तू कर. तुला सवयच हाय, समोर कुनी नसताना बोलायची."

मी केली. काय बोललो ते सांगण्यासारखं नाही, मोटारीचं गिऱ्हाईक माझ्याशी बोलतं तसं काहीतरी बोललो. बघा जमलं तर, लवकर करा, असं. संपल्यावर आक्का म्हणाली, "प्रभूच्या नावानं मागतो, असं शेवटी म्हनायचं राह्यलं." मी ते म्हटलं.

नाताळाच्या आधी ती गेली. दफनाला मंडळी आली. मातीच्या ढिगापाशी उभ्या राहिलेल्या बायका माझ्या बायकोला वाट देताना जरा जास्तच वाट देत होत्या. प्रचारकाचा फोन आला तेव्हा. घेतला मी. तो म्हणाला, "आपल्या बहिणीनं विश्वास सोडला नव्हता, घरच्यांची शंका आडवी आली." मी "बरं" म्हणून फोन ठेवला.

आता घरी जेवणाआधीची प्रार्थना मी करतो. आधी ती करायची, लांबलचक, आमटी गार होईपर्यंत, आणि मी एक डोळा उघडा ठेवून भाकरी मोजायचो. ती बंद झाली तेव्हा दोनचार दिवस आम्ही नुसतेच जेवलो. मला ते गिळवेना. मग मीच हात जोडले. मी डोळे मिटून बोलतो, उघडतो तर ती माझ्याकडे बघत असते.

परवा तिनं विचारलं, "ऐकलं का कुनी?"

मी हसायच्या तयारीत होतो. पण ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं, आणि घरात विचारायला आता मी सोडून कुणी उरलेलं नाही.