आभाळातलं कडं आणि चौकातला फ्लेक्स

हसायचं तर हसा बाबांनो, पण आधी चहा खाली ठेवा. मी जी माती खाल्ली ना, ती साधीसुधी नव्हती. अख्ख्या विश्वाची होती!

मी इथं कोल्हापुरात पीएचडी करते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. विश्व जन्मलं तेव्हाचा उजेड अजून आभाळभर उरलाय, पार गार पडलेला. त्याचा नकाशा असतो, नुसते ठिपके. त्यात कुठं वेगळी नक्षी दिसते का, ते मी कॉम्प्युटरच्या प्रोग्रामनं शोधते. इतकी वर्षं शोधून मिळालं काय? चष्मा!

तिकडं मुरगूडला काका माझ्या वडिलांच्या, आबांच्या, मागं लागलेले.

"दादा, बास की आता! पोरीला उजवून टाक. आभाळात काय ठेवलंय?"

आबा एकटे माझ्या बाजूनं. "पाडव्यापतोर थांब. तवर न्हाय घावलं, तर तू म्हणशील तसं."

म्हणजे पाडव्यापर्यंत आभाळ, नंतर पोह्यांचा ट्रे.

आणि पाडव्याच्या तोंडावर, भर दुपारी, नकाशात कडं दिसलं! गोल, ठसठशीत. पुन्हा प्रोग्राम चालवला, तरी तिथंच. मला रडूच फुटलं हो. अशा वेळी शहाणा माणूस आधी आपल्या गाइड मॅडमना दाखवतो. मी कुणाला फोन केला? आबांना!

"आबा, घावलं!"

"काय घावलं?"

"आभाळात कडं! आजवर कुणालाच दिसलं न्हाय!"

"व्हय? थांब, तुझ्या काकाला दावतोच आता!"

"कुणाला सांगू नका," म्हणेपर्यंत फोन कट.

आमच्याकडं बातमी आधी फ्लेक्सवर येते, हे काय वेगळं सांगायला हवं? संध्याकाळी फोटो आला. चौकात हा एवढा फ्लेक्स, त्यावर माझा चेहरा, 'विश्वाचं कडं शोधणारी मुरगूडची वाघीण'. खाली शुभेच्छुकांत पहिलं नाव कुणाचं? काकांचं!

दुसऱ्या दिवशी मॅडमनी नकाशा बघितला.

"अगं, प्रोग्रामला नक्षी सापडते का ते तपासायला तूच एका फाइलीत खोटं कडं घातलं होतंस ना? ही तीच फाइल."

खरी फाइल उघडली. नुसते ठिपके.

गावी जाऊन आबांना सांगितलं.

"म्हंजे तूच ठेवलंस, आन् तुलाच घावलं?"

"व्हय."

"मग... शोधलंस की!"

एवढं बोलले, पण त्या दिवसापासून चौकात चहाला जायचे बंद झाले. मला त्याचंच फार वाईट वाटतं. फ्लेक्स त्यांनीच उतरवला आणि वाया कशाला घालवायचा म्हणून गोठ्यावर अंथरला. माझं तोंड खाली, म्हशीकडं.

आता काकांनी रविवारी पावणं बोलावलेत. परवा मी गावी गेले होते. रात्री वळीव झोडपून गेला, त्यात गोठ्याचा बांबू फ्लेक्समधून वर आला आणि माझ्या कपाळाला भलंमोठं गोल भोक पडलं. सकाळी आबांनी मला गोठ्यात हाक मारली आणि वर बोट दाखवलं.

"हे बघ. हे कडं मातूर खरं हाय. म्हस भिजली."