शेजारच्या नातीचा फॉर्म

दोन हजार सतराच्या हिवाळ्यात शेजारच्या आजोबांनी मला चहाला बोलावलं आणि मी तिथं नको तो शहाणपणा पाजळून आले. 

टोरांटोच्या एटोबिको भागात आमच्या भिंतीला भिंत लागून एक कृष्णवर्णीय जोडपं राहायचं. दोघंही सत्तरी ओलांडलेली, तरुणपणी जमैकाहून आलेली. आजोबा निवृत्त इलेक्ट्रिशियन. चर्चच्या बेसमेंटमध्ये मुलांना वायरिंग शिकवायचे. आजी निवृत्त शिक्षिका. त्याच बेसमेंटमध्ये, पलीकडच्या खोलीत निबंध लिहून घ्यायच्या. दोघांना वस्तीत मान होता आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. आजोबा म्हणत, आधी हातात काम हवं. गोऱ्याच्या घरातली वीज तू दुरुस्त केलीस की तो आपोआप मान देतो. आजी म्हणत, चाळीस वर्षं त्यांच्या घरात वायरी ओढल्यास, एकानं तरी जेवायला बोलावलं का? शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे दोन मोठे पुढारी यावरूनच भांडले होते, हे मला आजींनीच सांगितलं. एक म्हणे हुन्नर शिका, बरोबरीचं नंतर बघू. दुसरा म्हणे उच्च शिक्षण आणि हक्क आत्ताच हवेत.

"ते दोघं रोज आमच्याकडे नाश्त्याला असतात," आजी म्हणाल्या.

त्या दिवशीचं भांडण नातीवरून होतं. तेरा वर्षांची नात त्यांच्याकडेच राहायची आणि दर शनिवारी माझ्याकडे गणिताची वही घेऊन यायची. नववीचा फॉर्म भरायचा होता. अकॅडेमिक घेतलं तर पुढे युनिव्हर्सिटी. अप्लाइड घेतलं तर तो रस्ता जवळजवळ बंद. शाळेतल्या काउन्सेलरनं अप्लाइड सुचवलं होतं.

"तू इंजिनियर आहेस, तूच सांग," आजोबा म्हणाले.

नात समोरच बसली होती. गणितात अडुसष्ट होते तिला. मी म्हटलं, "अप्लाइड ठीक आहे की. उगाच ताण कशाला? हातानं काम करण्यात काही कमीपणा नाही."

आजोबांनी मान डोलावली. आजी कप उचलून सिंककडे गेल्या. नातीनं वही मिटली.

घरी येऊन मी हे मोठ्या तोऱ्यात लेकीला सांगितलं. ती तेव्हा बारावीत. फोनमधून मान वर न काढता इंग्रजीत म्हणाली, "मॉम, मला अप्लाइड सुचवलं तेव्हा तू प्रिन्सिपलच्या ऑफिसमधून हलायला तयार नव्हतीस."

खरंच होतं ते. बूटसुद्धा न काढता, त्यांच्या कार्पेटवर बर्फाचं पाणी सांडत मी तासभर भांडले होते. जुनी रिपोर्ट कार्डं काढून बघितली. माझ्या लेकीला तेव्हा गणितात एकसष्ट होते.

मग काही चैन पडेना. घासलेली भांडी परत घासली. काहीतरी कारण शोधत होते, पण खरं काय ते कळत होतं. लेकीच्या वेळी मला धक्का बसला होता: आमच्या घरात चार पिढ्या शिकलेल्या आणि आमची मुलगी अप्लाइडमध्ये? शेजारच्या नातीच्या वेळी धक्काच बसला नाही. काउन्सेलरला जसं ते साहजिक वाटलं, तसंच मलाही वाटलं. लाज वाटत होती, आणि भीतीही, कारण फॉर्म सोमवारी द्यायचा होता.

रविवारी सकाळीच गेले. दारात उभं राहून सगळं सांगितलं, लेकीच्या मार्कांसकट. वाटलं, आजोबा तरी माझी बाजू घेतील. उलट तेच भडकले.

"ज्याला हवा त्याला मी हुन्नर शिकवतो. दुसरा रस्ता बंद करून नाही शिकवत."

आजी शांतपणे म्हणाल्या, "उद्या आमच्याबरोबर शाळेत यायचं. इथं जे सांगितलंस ते तिथं सांगायचं."

नात जिन्यावर बसून ऐकत होती.

गेले आणि सांगितलं. अनोळखी काउन्सेलरसमोर स्वतःबद्दल असं बोलताना जीभ अडखळत होती. दहा मिनिटांत फॉर्म बदलून मिळाला.

पुढच्या शनिवारी मी टेबल मोकळं करून ठेवलं. ती आली नाही. त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही.

नववीत तिला गणितात ब्याऐंशी मिळाले. पुढच्या हिवाळ्यात ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करता करता आजोबांनीच सांगितलं. ती तिथंच गाडीवरचा बर्फ झाडत होती. मी तिचं अभिनंदन केलं. "थँक यू," ती म्हणाली, अगदी नीट, आणि पाठ फिरवून काच पुसायला लागली.