गार नळाचा गरम आवाज

सुरुवातीलाच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. काचपट्टीवर दिसलं ते खरं, नाही दिसलं ते रिपोर्टात येत नाही... असा आमचा खाक्या. इथे लोक लिहितात ते भुताखेतांचे अनुभव मी चहा पिता पिता वाचते आणि, राग मानू नका, मनातल्या मनात हसतेही. माझ्या अनुभवात पिंपळ नाही, पांढऱ्या साडीतली बाई नाही. नळ आहे. बाथरूममधला साधा नळ. हसायचं तर आत्ताच हसून घ्या.

आमचं घर जुळे सोलापुरात. स्वयंपाकघर मागे, त्याला लागून बाथरूम, आणि सोलर मात्र गच्चीच्या पार पुढच्या टोकाला. बांधताना कुणी डोकं चालवलं नाही, त्याचं फळ आम्ही रोज सकाळी भोगतो. सोलरचा नळ सोडला की आधी पाइपातलं सगळं गार पाणी बाहेर पडतं, मग गरम येतं. आता सोलापुरात चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी येतं. ते गार पाणी मोरीत सोडून देणारा माणूस आमच्याकडे अजून जन्मायचा आहे. म्हणून दोन बादल्या. आधी गारची बादली भरायची, ती फरशीला, धुण्याला. गरम आलं की बादली बदलायची.

आणि गरम आलं हे सांगायच्या आत्या. म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. आत्यांना दिसत नव्हतं. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. त्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खुर्चीवर बसायच्या, लसूण सोलत. आत मामा नळ सोडायचे. बादली भरत यायची आणि आत्या हातातला लसूण थांबवून ओरडायच्या, "आलं!"

आतून मामा म्हणायचे, "व्हय."

की बादली बदलली.

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, अंदाजाने सांगत असतील. एकदा विचारलंच.

"आवाजावरनं कळतंय की," आत्या म्हणाल्या. "गार पाणी टणाटणा बोलतंय. गरम पाणी तोंडात घास धरून बोलल्यावानी."

"आत्या, पाणी ते पाणी. ते कसलं बोलतंय?"

"डोळं मीट आन् ऐक. सोलापूरकरीण झालीस न्हवं? पाणी वळखाय शीक."

ऐकलं. आणि खरंच फरक होता! गारचा आवाज उंच, कोरडा. गरमचा जरा खाली उतरलेला, मऊ. महेश, माझा नवरा, इंजिनीअर. त्याने लगेच लेक्चर दिलं की गरम पाणी जरा पातळ वाहतं, पडताना बुडबुडे वेगळे होतात, वगैरे. म्हणजे हे अमानवीय नाही बरं का. तुम्हीही घरी करून बघा. पुढे मलाही त्याचा कान आला, भाकरी थापता थापता मनात "आलं" म्हणायची सवय लागली.

पण मला खरा प्रश्न वेगळाच पडायचा. मामा आणि आत्या दिवसभरात एकमेकांशी तेवढंच बोलायचे. एक "आलं", एक "व्हय". भांडण नाही, आदळआपट नाही. नुसतं गप्प. महेशला विचारलं तर म्हणाला, "आईचे डोळे गेल्यापासून असंच आहे. त्यात पडू नकोस."

मागच्या पावसाळ्यात आत्या गेल्या. झोपेतच. तेरावा झाला आणि त्याच आठवड्यात वादळी वाऱ्यात सोलरच्या काचेच्या नळ्या फुटल्या. प्लंबरने सोलर पूर्ण बंद केला आणि गच्चीवरच्या टाकीची लाइन थेट त्या नळाला जोडून दिली. म्हणजे त्या नळाला गरम पाणी यायची सोयच उरली नाही. एवढं कृपा करून लक्षात ठेवा. मामांचं पाणी मी गॅसवर पातेल्यात तापवून देत होते. विसणाला गार पाणी ते त्याच नळाचं घ्यायचे, जुन्या सवयीने.

एका सकाळी मी भाकरी थापत होते. आत नळ टणाटणा चालू. आणि मग... तो आवाज खाली उतरला. अगदी ओळखीचा. मऊ, तोंडात घास धरल्यासारखा. माझ्याही मनात सवयीने "आलं" उमटलं, आणि त्याच क्षणी आतून मामांचा आवाज आला — "व्हय."

भाकरी परातीतच राहिली. रिकाम्या खुर्चीकडे मी किती वेळ बघत होते कोण जाणे. तव्याचा वास आला तेव्हा भानावर आले.

स्वतःची समजूत घातली की कान वाजले. पण दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी सरळ बाथरूमच्या दारात जाऊन उभी राहिले. मामा अजून पंचा गुंडाळून, बादलीपाशी वाकून उभे. आवाज बदलला तशी मी पुढे होऊन धारेखाली हात धरला.

गार. गच्चीवरच्या टाकीचं, हाताला झोंबणारं गार पाणी. आणि आवाज मात्र गरमचा.

मामांनी माझ्याकडे बघितलं. "तुला बी ऐकू आलं न्हवं?" त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. "म्या म्हणलं, मलाच येड लागलं का काय."

त्या दिवशी चहा घेताना मामा पहिल्यांदा बोलले. डोळे बिघडायला लागले तेव्हा आत्या सांगत होत्या, दिव्याभोवती रंगाची कडी दिसतात, कडेचं दिसत नाही. मामा शाळेत कारकून, गावाकडून जेऊरहून आलेले. गावात म्हाताऱ्यांचे मोतीबिंदू पाहिलेले. त्यांनी ठरवूनच टाकलं. मोतीबिंदू आहे, आणि मोतीबिंदू कसा, आंब्यासारखा पिकू द्यायचा असतो, कच्चा काढत नाहीत. आपल्याकडे आजही कितीतरी घरांत असंच बोलतात. तो पिकायची वाट बघितली... आणि तो मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तर नजर वाचली असती.

"ती कदी एका शब्दानं बोलली न्हाय मला," मामा म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग मला बी त्वांड उघडंना. काय म्हणून उघडायचं? नुसतं व्हय म्हणत ऱ्हायलो. आता रोज येतीया, तर आजून बी व्हयच."

आणि इथे मी शहाणपणा केला. "मामा, मग आता बोला की. एकदा मनातलं सांगून टाका. त्यासाठीच येत असतील." भुतावर विश्वास नाही म्हणणारी मी! पण त्या माणसाचा चेहरा बघवत नव्हता हो.

मामा आठवडेच्या आठवडे धीर गोळा करत राहिले. रोज आवाज बदलायचा, रोज "व्हय". मला तर त्याची सवय होऊन गेली होती. खरं सांगते, सकाळी तो आवाज उतरला की घरात बरं वाटायचं.

नरक चतुर्दशीचा दिवस. वर्षाच्या आतली दिवाळी, तेव्हा फराळ नाही, आकाशकंदील नाही. पण अंघोळीला वाटीत तेल दिलं. दर वर्षी मामांच्या पाठीला तेल आत्या लावायच्या. डोळे गेल्यावरही, चाचपत. नळ सुरू झाला. आवाज उतरला. मी "व्हय"ची वाट बघत होते. ते आलंच नाही.

"कमल," मामा म्हणाले.

त्यांनी आत्यांना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती. त्या पिढीत कोण मारतं?

"कमल, चुकलं माजं. तवाच न्यायाला पायजे हुतं तुला. म्या न्हाय नेलं."

आणि नळाचा आवाज वर गेला. टणाटणा, कोरडा. असं आधी कधीच झालं नव्हतं. एकदा उतरला की नळ बंद करेपर्यंत तसाच राहायचा. मामा बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. गारची बादली भरून वाहू लागली, मोरीत पाणी चाललं, आणि आमच्या घरात कुणी ते थांबवलं नाही.

त्यानंतर तो आवाज कधी आला नाही.

महेशने सगळं तपासलं. वॉशर बदलला, पाइपातली हवा काढली, टाकी कमी-जास्त भरून बघितली. त्याचं म्हणणं, हवा अडकली असेल. असेल. मग ती मामांच्याच अंघोळीच्या वेळी कशी अडकायची, आणि त्याच सकाळी कशी सुटली? मी मोबाईलवर रेकॉर्डिंगही केलं होतं. त्यात नुसतं पाणी पडतंय, गार का गरम, काही कळत नाही.

मी मामांना म्हटलं, "त्यांनी ऐकलं, मोकळ्या झाल्या, म्हणून गेल्या."

मामा म्हणाले, "आन् ऐकून राग आला म्हणून गेली आसंल तर?" मग म्हणाले, "गप बसलो आसतो, तर रोज आली आसती गं."

बोला म्हणून मीच मागे लागले होते. नळाच्या त्या आवाजात त्यांना आत्यांचा तेवढा एक शब्द रोज मिळत होता, तोही माझ्या शहाणपणापायी गेला, ही खंत माझ्या मनातून जात नाही.

आता सोलर दुरुस्त झालाय. पुन्हा आधी गार, मग गरम. मामांना ऐकू कमी येतं असं नाही, पण ते स्वतःहून बादली बदलत नाहीत, वाट बघतात. मग मीच ओट्यापासून हाक देते, "मामा, आलं!"

बादली बदलल्याचा आवाज येतो. "व्हय" मात्र ते मला म्हणत नाहीत.