नुकतीच रंगवलेली खोली

माझा मोठा भाऊ अणुकरारांची तपासणी करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत निरीक्षक होता. करारावर सही केलेला देश चोरून अस्त्रं तर बनवत नाही ना, हे पाहायला तो परदेशातल्या कारखान्यांत जायचा. मग एका देशाने या निरीक्षकांना बाहेर काढलं आणि दादा जबलपूरला परत आला, खमरियाजवळच्या आमच्या घरी.

भांडणाचं मूळ त्या देशातल्या एका कारखान्याच्या खोलीत होतं. भिंतींना नुकताच रंग दिलेला. म्हणून दादाने रंग न लागलेल्या खिडकीच्या फटीतली धूळ कापडाच्या तुकड्यावर टिपून घेतली, आणि प्रयोगशाळेत त्या धुळीत युरेनियमचे कण सापडले. हे कण बाहेरून घेतलेल्या जुन्या यंत्रांबरोबर आले, असं त्या देशाचं म्हणणं. दादाने लिहिलं, हा खुलासा पुरेसा नाही. खोटा आहे, असं त्याने लिहिलं नाही. तिथल्यांनी त्याला हेर म्हटलं, त्यांच्या शत्रूंनी भित्रा.

बाबा दारूगोळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेले. कामाबद्दल त्यांनी घरात कधी अवाक्षर काढलं नव्हतं. एकदा जेवताना म्हणाले, "कोणी परका आमच्या सेक्शनमध्ये येऊन दाखव म्हणाला असता, तर मी तरी काहून दाखवलं असतं?"

"त्यांनी सही केली होती, बाबा."

"सही सरकारने केली. काम करणाऱ्याला कोण विचारून राहिलं?"

दादा ताटावरून उठला नाही, पण पुढे जेवलाही नाही.

शेजारी विचारायचे, "भैया, आखिर बना रहे थे कि नहीं?" दादा म्हणायचा, "मालूम नहीं." लोकांना वाटायचं, लपवून राहिला.

एका सकाळी बातमी आली की त्या कारखान्यावर सकाळची पाळी सुरू असताना विमानांनी बॉम्ब टाकले. टीव्हीवर कोणी तज्ज्ञ सांगत होता, निरीक्षकांनीच तर लिहिलं होतं की तिथे अस्त्रं बनतात.

"मी असं लिहिलं नव्हतं," दादा हळू आवाजात म्हणाला. मी टीव्ही बंद करायला उठले. "राहू दे," तो म्हणाला.

दुपारी त्याने मला तिथल्या एका तंत्रज्ञाबद्दल सांगितलं. तपासणीच्या वेळी तो सतत दादाच्या बाजूला उभा असायचा, प्रत्येक नमुन्यावरून वाद घालायचा, आणि निघताना आपल्या आईने वाळवलेली तुतीची फळं दादाच्या हातावर ठेवायचा. खाजगी ओळख ठेवायची मनाई होती, म्हणून दादाकडे त्याचा फोन नंबर नव्हता.

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "सकाळच्या पाळीत असायचा?"

"बहुतेक."

बाबा खुर्ची ओढून दादाजवळ बसले आणि दिवेलागणीपर्यंत तिथेच बसून राहिले.

पुढे तपासणी पुन्हा सुरू करायची बोलणी निघाली. संस्थेने दादाला बोलावलं, तो गेला नाही. आता जबलपूरच्याच रिछाई भागातल्या एका छोट्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतो. जुन्या सहकाऱ्यांना त्याने कितीदा विचारलं, पण त्या तंत्रज्ञाचं काय झालं, ते कोणालाच सांगता आलं नाही.