बस वळवणारी बाई

आमच्या शिरपूरकडे एक समाजसेविका बाई आहे. साहेबाने 'नाही' म्हटलं की ही खूश! मला म्हणते, "अक्का, मागच्या खेपेला त्यांनी मानही वर केली नव्हती. आज तोंडावर नाही म्हणाले. सरकलं ना काम?" आता हिला काय म्हणावं!

डोंगराकडच्या एका गावात एसटी जात नाही, म्हणून सातवीनंतर मुलींची शाळा सुटते. आगाराचे साहेब म्हणाले, "बाई, तिथे बस वळायला जागाच नाही." ही गोड बोलून साहेबांनाच गावात घेऊन गेली. मीही गेले होते, मजा बघायला. तिथे केळी भरलेला ट्रक उभा होता.

"भाऊ, वळवा बरं," ही ड्रायव्हरला म्हणाली. त्याने वळवला.

"अजून एकदा वळवा. साहेब चष्मा पुसत होते."

तिसऱ्यांदा वळवल्यावर ड्रायव्हरच वैतागला. "साहेब, मना ट्रक वळना, मग तुमनी बस काबर वळत नही?"

महिनाभरात सकाळची बस सुरू झाली. मुली चढल्या, मी नारळ फोडला, डोळे पुसले. ही मात्र कंडक्टरला दारातच अडवून उभी होती.

"भाऊ, शाळेत तर पोचवाल. आता संध्याकाळी घरी कसं आणता, ते बोलू."